खंडेनवमीला घासलेले व्हॉल्व्ह

मागच्या महिन्यात पुण्याहून एक तरुण मुलगा आमच्याकडे आला होता. जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बघत हिंडायचा त्याला नाद आहे, आणि माझ्याकडे एक आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. चहा येण्याआधीच त्याने जमिनीवर गुडघे टेकले, अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीच्या मागून आत टॉर्च मारला आणि डॉक्टरांच्या आवाजात विचारलं, "आजी, कंडिशन कशी आहे?" मी म्हटलं, "माझी की तिची?" बिचारा लाजला. मग म्हणाला, ही फार दुर्मीळ वस्तू आहे, व्हिंटेज आहे, पण एकाही व्हॉल्व्हवर छापील नंबर कसा दिसत नाही? आणि पुढच्या कापडावर हे पिवळे डाग कसले? डाग हळदीचे आहेत आणि नंबर राखेने गेले, असं मी सांगितलं. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. थट्टा करायची खोड मला आहेच, पण हे अगदी खरं होतं. ते नीट सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा दसरा सांगावा लागेल.

माझं माहेर नगरचं. वडील एका गोदामात कारकून होते. आमच्या गल्लीच्या टोकाला परदेशातून आलेलं एक शिक्षक जोडपं राहायचं. त्यातल्या बाई संध्याकाळी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून पोलादी कांडी फिरवत वाजवायच्या. शाळेतून येताना मी त्यांच्या खिडकीखाली रेंगाळायचे. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं, आणि मग मी रोजच जायला लागले. पुढे ते दोघं कायमचे मायदेशी निघाले तेव्हा घरातलं सामान विकायला काढलं. वडील एक कपाट बघायला गेले आणि गिटार अन् अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. कपाट आणलं नाही म्हणून आईने त्यांच्याशी बरेच दिवस अबोला धरला होता.

ज्यांनी ही गिटार पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती म्हणजे एक जाडजूड फळी. आत पोकळी नाही, त्यामुळे नुसत्या तारा छेडल्या तर डास गुणगुणल्याएवढा आवाज येतो. तिचा सगळा गळा त्या पेटीत. पेटी लहान ट्रंकेएवढी, तपकिरी कापड चिकटवलेली, मागून उघडी. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, तीन मोठे आणि तीन लहान. पेटी परदेशातल्या कमी दाबाच्या विजेवर चालणारी, म्हणून तिच्या जोडीला एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर लागायचा, आणि तो पेटीपेक्षाही जड. बाईंनी जाताना मला बजावलं होतं की मोठ्या तिघांतला एक विजेचा आहे आणि दोन आवाजाचे, त्यांची अदलाबदल झाली तर पेटी जळेल. लहान तिघांची झाली तर जळणार नाही, पण आवाज बदलेल. मी मोठी हुशार, सगळ्या व्हॉल्व्हवर पांढऱ्या अक्षरात नंबर आहेत म्हटल्यावर जागा लक्षात ठेवायच्या भानगडीत कधी पडलेच नाही.

लग्न होऊन मी देवळाली प्रवरेजवळच्या एका गावात आले. पाटाचं पाणी, चहूकडे ऊस, घरात सासू-सासरे आणि नवरा. ओसरीवर माझं सामान उतरवताना सासऱ्यांनी ट्रान्सफॉर्मर उचलून बघितला, लगेच खाली ठेवला आणि म्हणाले, "सूनबाईनं माहेराहून जातं आनलं काय?" सासूला मी आत्याबाई म्हणायचे. पहिल्यांदा मी पेटी सुरू केली तेव्हा त्या मागच्या बाजूला जाऊन उकिडव्या बसल्या. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आधी काहीच होत नाही, मग आत हळूहळू लालसर उजेड धरतो. तो बघून त्या म्हणाल्या, "आगं, ही तर चूल हाय." तेव्हापासून मी वाजवायला बसले की आतून विचारायच्या, "निखारं पडलं का गं?" पडले म्हटलं की आपल्या कामाला लागायच्या. माझं वाजवणं त्यांना आवडतं की त्या नुसत्या सोसतात, हे मला कळायचं नाही.

वाजवायची वेळ विजेने ठरवून दिली होती. सकाळ-संध्याकाळ विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला दिवा मिणमिणायचा आणि पेटीचा आवाज आजारी माणसासारखा व्हायचा. दुपारी जेवणं झाल्यावर मात्र वीज चांगली असायची. त्या वेळात मी आमच्या खोलीत बसून वाजवायचे. खरं सांगायचं तर सासरी मला त्रास कुणाचाच नव्हता. माणसं चांगली होती, खायला-प्यायला भरपूर होतं, नवरा हसतमुख. पण मी त्या घरात पाहुणी असल्यासारखी वावरत होते. कुठलं भांडं कुठे ठेवायचं हे विचारल्याशिवाय ठेवत नव्हते. पूर्णपणे माझी अशी त्या घरात ती एक पेटी होती, आणि तिला मी कुणाला हात लावू देत नव्हते.

आता नवमीकडे येते. आमच्या सासरी खंडेनवमीचा नियम कडक. घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून ओसरीवर पूजेला मांडायची, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं घेऊन गडी घरी येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. हत्यारांनाही विसावा लागतो म्हणतात. विळीसुद्धा पूजेत बसायची, म्हणून नवमीच्या दुपारपासून घरात काही चिरलं जायचं नाही. उसळ नाहीतर पिठलं, तेही बिनकांद्याचं. त्या सकाळी मी नवऱ्याच्या सायकलवर मागे बसून देवळालीच्या बाजारात झेंडू आणायला गेले होते. बाजारात गर्दी होती, त्यात नवऱ्याला दर दोन पावलांवर कुणी ना कुणी ओळखीचं भेटायचं. परत यायला दुपार झाली.

ओसरीवर पूजा मांडून तयार होती. घोंगडीवर ओळीने कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, पहार, सासऱ्यांचा अडकित्ता, मग खुरपी, विळी, आणि त्या विळीशेजारी माझी पेटी. पुढच्या कापडावर हळदीकुंकवाची पाच बोटं उठवलेली, वर आपट्याची डहाळी. सांगायलाच हवं की आधी मला आनंदच झाला. हातातला झेंडू तसाच धरून मी बघत राहिले. मग वाकून मागच्या बाजूने आत बघितलं.

व्हॉल्व्ह लखलखत होते. काच इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. पण एकावरही अक्षर नव्हतं.

आत्याबाई पदराला हात पुसत आल्या. चेहरा कौतुकाने फुललेला. "कशी झाली बघ चिमण्या घासल्यावानी! राख लावून पुसल्या समद्या. पान्याचा हात लावला न्हाई बरं का, आत तारा हायेत ते दिसलं मला. पर ती वरची काजळी काय निघंना बाई. लई घासली."

कंदिलाच्या काचा त्या रोज संध्याकाळी राखेने घासायच्या. व्हॉल्व्हच्या टोकाला आतून एक काळसर चंदेरी थर असतो, तो मुळातच असतो. त्यांना वाटली काजळी. आतल्या बाजूची काजळी बाहेरून निघेना म्हणून त्या घासत राहिल्या, आणि बाहेरची अक्षरं मात्र सगळी निघाली.

"यावर पांढरी अक्षरं होती, आत्याबाई," मी म्हटलं.

"व्हती की. ती निघाली."

"कुठला कुठल्या घरात होता?"

त्यांनी वाकून पेटीत बघितलं. मग म्हणाल्या, "सुपात काढून ठिवल्या हुत्या."

"पण ही पूजेत मांडायला कुणी सांगितलं? हे काय हत्यार आहे का?"

"मग काय हाय?" त्यांना खरंच कळेना. "ह्यांचा कोयता, माझी इळी, तुझी ही पेटी. ज्याचं त्याला. समद्यांची हत्यारं मांडली आन् तुझं तेवढं आत ठिवलं, तर तुला वाईट न्हाई वाटायचं?"

हे ऐकून मला जास्तच राग आला. मी तिथेच प्लग लावून बघायला निघाले तर सासऱ्यांनी अडवलं. हळदीकुंकू वाहून पूजा झाली होती, आता हात लावायचा तो उद्याच. माझ्या डोक्यात नुसता हिशेब चालला होता की विजेचा व्हॉल्व्ह चुकीच्या घरात बसला असेल तर उद्या बटण दाबताच पेटी जाणार. आणि हे व्हॉल्व्ह मिळणार कुठे? नगरच्या दुकानांत तेव्हाच ट्रान्झिस्टर येऊन बसले होते, तिथले लोक साधे रेडिओचे व्हॉल्व्हसुद्धा कुरकुरत काढून द्यायचे. ही पेटी गेली की माझी गिटार म्हणजे फळी, आणि मग पोळ्या लाटायला घेतली तरी चालेल.

स्वयंपाकघरात मी भांडी आदळली. नवरा समजूत घालायला आला तर त्याला म्हटलं, "दिवाळीला माहेरी गेले की मी परत येणार नाही. तिथे निदान वस्तूला हात लावायच्या आधी विचारतात." नवरा म्हणाला, "उद्या बघू." तो प्रत्येक गोष्टीला उद्या बघू म्हणतो, अजूनही म्हणतो. भिंतीपलीकडे आत्याबाई डाळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज एकदम थांबला. त्यांनी ऐकलं हे मला कळलं, आणि तेव्हा मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. पुरणपोळीचा घाट होता, त्यामुळे सकाळ कामात गेली. आम्ही दोघी चुलीपाशी समोरासमोर, आणि बोलणं फक्त तवा नि तुपापुरतं. जेवणं झाली. पुरुष माणसं ओसरीच्या दुसऱ्या टोकाला घोरत पडली. ही माझी रोजची वाजवायची वेळ. हाताला चाळा नाही म्हणून मी पूजेसमोर जाऊन बसले. पेटीचं कापड, त्यावरची पाच बोटं, शेजारी विळी. विळीच्या पाटाला मध्ये खळगा पडलेला होता, आत्याबाईंच्या बसण्याने पडलेला.

आणि तेव्हा त्यांचं कालचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. माहेरी माझं फार कौतुक व्हायचं. पाहुणे आले की आई म्हणायची, हिला गिटारची हौस आहे. वडीलही हौसच म्हणायचे. लग्न ठरवताना मुलीला हौस आहे असंच सांगितलं होतं, आणि मीही तसंच धरून चालले होते. माझ्या वाजवण्याला कुणी काम म्हटलं नव्हतं, पेटीला कुणी हत्यार म्हटलं नव्हतं. ते म्हटलं ते या बाईने, आणि तेही वाद घालायला नाही, तर कोयत्याला कोयता म्हणावं इतक्या सहज. शिवाय तिने ती नवऱ्याच्या सामानात घातली नव्हती, आपल्या विळीला चिकटून ठेवली होती. मला रडू आलं. राग तसाच होता, आणि त्याच्याखालून हे रडू.

आत्याबाई कधी येऊन शेजारी बसल्या ते कळलं नाही. त्या पेटीकडेच बघत होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "रातीपासनं आठवून ऱ्हायले मी. पैली काढली ती ह्या कडंची. एकलीच काढली हुती."

"एकटीच? सुपात नाही?"

"न्हाई गं. आधी म्हनलं बघू तरी, निघतीय का न्हाई. लई ताठ बसली हुती. तवा तू सायकलीवर बसत हुतीस. मला कायतरी बोलाया मागं वळलीस, आन् मग नुसताच हात केलास. मी ती पदरात झाकली. म्हनलं, आधी समदी लखलखीत करून मंगच दावू हिला. तू गेल्यावर घासली आन् जिथली तिथं बशिवली. चांगली निघाली म्हनून मंग बाकीच्या सुपात काढल्या."

मी हात केला होता खरा. झेंडू किती आणायचा हे विचारायला वळले होते आणि नवऱ्याने पायडल मारलं. म्हणजे यांना जे आठवत होतं ते तंतोतंत आठवत होतं. मी लांबूनच बोट दाखवून विचारलं, "ही कडेची? नक्की?" हात लावायची बंदी होती ना! त्यांनीही लांबूनच बोट दाखवलं. दोघी घोंगडीच्या कडेला बसून हवेत बोटं नाचवतोय, हे कुणी बघितलं असतं तर पोळ्या चढल्या म्हणाले असते.

कडेचा व्हॉल्व्ह म्हणजेच विजेचा. वायर तिथूनच आत जाते हे मला माहीत होतं. तो सुपात गेलाच नव्हता. उरलेले दोन मोठे आवाजाचे, दोन्ही एकसारखे, त्यांची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. म्हणजे पेटी जळणार नव्हती. राहिले तीन लहान.

"आणि ह्या बारक्या?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. "एक पुसताना कोंबडी सुपात चढाया बघत हुती... तिला हाकलली..." मग डोळे उघडून मान हलवली. "न्हाई बाई. कोंबडी ध्यानात हाय, पेटीतलं न्हाई."

मला हसू फुटलं. त्यांना मात्र हसू येत नव्हतं. त्या पेटीकडे टक लावून बसल्या होत्या आणि मांडीवरचा पदर चुरगाळत होत्या. पेटी जळणार नाही, फार तर आवाज बदलेल, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखं दिसलं नाही.

सूर्य कलल्यावर पुरुष शिवेकडे गेले आणि सोनं घेऊन आले. मी ओवाळलं. आपट्याची पानं हातात पडली, पाया पडणं झालं, सासऱ्यांनी नारळ फोडला आणि पहिला कोयता उचलून बाजूला ठेवला. हत्यारं मोकळी झाली. मोटारींनाही पूजेची सुट्टी, त्या अजून कुणी सुरू केल्या नव्हत्या, म्हणून वीज चांगली होती. मी पेटी ओसरीवरच भिंतीशी ओढली, ट्रान्सफॉर्मर जोडला, गिटार मांडीवर घेतली. आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. रोज मागे येऊन बसायच्या, आज आल्या नाहीत.

बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. बाकी काही नाही. नवरा पुढे झुकला. मी जळका वास येतोय का बघत होते, पण येत होता तो उदबत्तीचा. मग कडेच्या व्हॉल्व्हमध्ये उजेड धरला, मग दोन्ही मोठ्यांत, आणि शेवटी त्या तीन लहानांत. घासलेल्या काचेतून तो इतका स्वच्छ दिसत होता की मीही बघत राहिले.

"निखारं पडलं," सासरे म्हणाले.

मी तारेवर कांडी ठेवली आणि छेडलं. आधी खरखर झाली, मग सूर आला. आवाज बदलला होता. पूर्वी तो खणखणीत असायचा, वरच्या तारांवर थोडा टोचायचा. आता जाडसर आणि मऊ झाला होता, खालच्या अंगाने येत होता. कुठला तरी लहान व्हॉल्व्ह दुसऱ्याच्या घरात जाऊन बसला होता, यात शंका नव्हती. पण वाईट नव्हता. थोडं वाजवल्यावर मला तो आधीच्यापेक्षा आवडला. आत्याबाई पहाटे जात्यावर ज्या चालीत ओव्या म्हणायच्या ती चाल मी कधी वाजवली नव्हती, पण रोज ऐकून हातात बसली होती. ती वाजवली. सासरे मांडीवर ताल धरून बसले, आणि शेजारचे दोघं-तिघं सोनं द्यायला आले ते आपट्याची पानं हातात धरून तसेच ऐकत थांबले.

माणसं पांगल्यावर मी बटण बंद केलं. आत्याबाई अजून चौकटीशीच होत्या. त्या आल्या, पेटीच्या मागे उकिडव्या बसल्या आणि विझत जाणारा लाल उजेड बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "न्हाई वाजली असती, तर गेली असतीस का गं?"

त्यांना बरं वाटावं म्हणून थोडं खोटं बोलावं असा माझा विचार होता. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की खोटं बोलायची गरजच नाही.

"नाही," मी म्हटलं. "काल दुपारी विचारलं असतंत तर हो म्हणाले असते."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. डोळे भरलेले होते, पण तोंडावर हसू होतं.

"मंग काल न्हाई इचारलं तेच बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि चरवी घेऊन धार काढायला गेल्या.